तीन ते पंधरा वर्षांची २२ मुलं, एक हॉल, ४५ मिनिटं: रविवारच्या शाळेत कुणाला काय आणि कसं शिकवायचं?

नवीन_शिक्षिका:

जय ख्रिस्त.

जूनपासून आमच्या मंडळीच्या रविवारच्या शाळेचं काम आम्हा तिघींकडे येतंय. सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मराठी उपासना. पटावर २२ मुलं आहेत: ३ ते ५ वर्षांची ६, ६ ते ८ ची ७, ९ ते ११ ची ५ आणि १२ ते १५ ची ४. हॉल एकच. मोठ्यांची उपासना चालू असताना जी ४५ मिनिटं मिळतात तेवढीच.

आतापर्यंतची पद्धत म्हणजे सगळ्यांना सतरंजीवर बसवायचं, एक गोष्ट सांगायची, एक वचन कोरसमध्ये म्हणून घ्यायचं आणि मग चित्र रंगवायला द्यायचं. बारकी बाकाखाली शिरतात आणि मोठी मोबाइलमध्ये.

गट कसे पाडू? प्रत्येक गटाला वेगळा पाठ की एकच? वचन किती मोठं द्यावं? अब्राहाम-इसहाक (बाप मुलाचा बळी द्यायला निघतो ती गोष्ट), क्रूसावरचं मरण हे कोणत्या वयाला सांगावं? प्रभूची प्रार्थना सगळी धडाधड म्हणतात, पण अर्थ विचारला की गप्प. निम्मी मुलं इंग्रजी माध्यमाची, मराठी बोलतात पण बायबल वाचताना अडखळतात.

उपदेश नको, काय करायचं ते सांगा.

---

उंबराखाली:

ताई, तीन शिक्षिका आहात तर तीनच गट करा, चौथ्याच्या मोहात पडू नका. वयापेक्षा इयत्ता धरा: बालवाडी ते पहिली, दुसरी ते पाचवी, सहावीच्या पुढे. पालकांशी वाद होत नाहीत आणि मधली रेषा आपोआप वाचता येण्या-न येण्यावर पडते. पहिली १० मिनिटं सगळे एकत्र (गाणी, प्रार्थना, वाढदिवस), मग २५ मिनिटं हॉलच्या तीन कोपऱ्यांत, शेवटची १० पुन्हा एकत्र. मोठ्यांच्या गटाला व्हरांडा मिळाला तर उत्तम, बारक्यांच्या टाळ्यांनी ते वैतागतात.

पाठ मात्र तिन्ही गटांना एकच. शनिवारी तिघींनी मिळून तयारी करायची तर एकच उतारा हवा, आणि एका घरातली तीन भावंडं दुपारी जेवताना एकाच गोष्टीवर बोलू शकतात. फरक खोलीचा. उदाहरणादाखल यरीहो गावातल्या जक्कय नावाच्या जकातदाराची गोष्ट घ्या, लूक १९:१-१०.

बालगटाला पाच वाक्यं पुरतात. जक्कय उंचीने लहान होता. त्याला येशूला बघायचं होतं, पण गर्दी होती. तो उंबराच्या झाडावर चढला. येशूने त्याला नावाने हाक मारली. येशू त्याच्या घरी गेला. जकात, पाप, चौपट, यातलं काही नाही. उंबराची डहाळी आणा, फळं हातात द्या. (यरीहोतलं झाड म्हणजे आपल्या उंबराचं भावंड, दोन्हींची फळं जाड फांद्यांना घोसाने लागतात.) फळ फोडून दाखवायचं असेल तर अगदी शेवटी, कारण आत किडे निघतात आणि त्यानंतर तुमची गोष्ट कुणी ऐकत नाही. मग एकेकाला त्याच्या नावाने हाक मारायची: "___, त्वरा करून खाली ये, आज मला तुझ्या घरी उतरायचे आहे." एवढाच पाठ. एक चूक हमखास होते, ती म्हणजे वर्गातल्या सर्वांत बुटक्या मुलाला जक्कय करणं. तो वर्षभर जक्कयच राहतो. शिक्षिकेनेच जक्कय व्हावं.

दुसरी ते पाचवीला पैसा दाखवा. जकात शब्द आता मुलांना माहीत नाही, टोलनाका माहीत असतो. प्रत्येकाला १० चिंचोके द्या. सरकारी दर २, जक्कय घेतो ४, दोन रोमच्या सरकारला आणि दोन स्वतःच्या खिशात. दोन फेऱ्या झाल्या की वर्गात आरडाओरडा सुरू होतो, तो होऊ द्या. याच वयात 'हे फेअर नाही' हा मुलांचा सर्वांत मोठा धर्म असतो. मग ८ वं वचन वाचा आणि गणित घाला. जक्कयकडे १ लाख आहेत. अर्धे गरिबांना दिले, उरले ५०,०००. फसवलेलं चौपट परत करायचं तर त्याने जास्तीत जास्त किती फसवलेलं असू शकतं? १२,५००. त्याहून जास्त असेल तर घर विकावं लागेल. आता लेवीय ६:५ काढा: लुबाडलेलं परत करताना मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा, म्हणजे १०० चे १२०. जक्कय १०० चे ४०० देतोय. चौपटीचा नियम निर्गम २२:१ मध्ये आहे, पण तो चोरून कापलेल्या किंवा विकलेल्या मेंढरासाठी. म्हणजे त्याने स्वतःला चोराचा दर लावला. हे पाचवीच्या मुलाला स्वतः शोधून काढू द्या, तुम्ही सांगू नका.

मोठ्यांना ७ वं वचन: येशू पाप्याच्या घरी उतरला म्हणून कुरकुर कोण करतंय? येशूने 'आधी पैसे परत कर, मग येतो' असं म्हटलंय का? नाही. आधी घरी उतरणं, मग परतफेड. हा क्रम उलटा असता तर काय बिघडलं असतं, यावर २० मिनिटं सहज जातात. आणखी एक खाद्य: ८ व्या वचनातली क्रियापदं मूळ ग्रीकमध्येही वर्तमानकाळी आहेत, 'देतो', 'परत करतो'. त्यामुळे काही अभ्यासक म्हणतात की तो नवा संकल्प करत नाहीये, 'मी आधीपासून देतोच आहे' असा बचाव करतोय. बहुतेक भाषांतरं संकल्पाचाच अर्थ धरतात. दहावीतली मुलं यावर छान भांडतात.

असं का करायचं त्याचं कारण थोडक्यात. साधारण सातच्या आत मूल शब्दाला वस्तू समजतं. 'येशू हृदयात राहतो' म्हटलं की छातीत एक छोटा माणूस, आणि पाणी प्यायल्यावर तो भिजतो का हा पुढचा प्रश्न. सात ते अकरा गोष्ट खरी-खोटी आणि न्याय-अन्याय यांच्या मापाने मोजली जाते. अकरा-बाराच्या पुढे 'जणू काही' कळायला लागतं, म्हणजे दाखल्याचा अर्थ. मानसशास्त्रज्ञ पियाजेच्या या टप्प्यांवर रोनाल्ड गोल्डमन यांनी १९६४ मध्ये इंग्लंडमध्ये धार्मिक विचारांचा अभ्यास मांडला होता. त्यातून काहींनी लहानांना बायबल नकोच असा निष्कर्ष काढला, तो मात्र टोकाचा आहे. अर्थ कळत नाही म्हणून गोष्ट पोचत नाही असं नसतं. लहानांना गोष्ट द्या, अर्थ लावून देऊ नका.

---

काचपेपर:

वरच्याला अनुमोदन. मी बालगट आणि पाठांतर यावरच लिहितो.

तीन-चार वर्षांच्या मुलाचं लक्ष एका जागी पाच-सात मिनिटं राहतं. म्हणून २५ मिनिटांचे चार तुकडे: गोष्ट ५, हातात धरायची वस्तू ५, अंगविक्षेपाचं गाणं ५, मग कागद-खडू १०. क्रम दर रविवारी तोच ठेवा. मोठ्यांना कंटाळवाणा वाटणारा तोच-तोपणा त्यांना धीर देतो.

फ्लॅनेलचा फळा अजूनही मोबाइलवरच्या कार्टूनपेक्षा चांगला, कारण चित्र मुलाच्या हाताने हलतं. ९० बाय ६० सेंटिमीटर प्लायवर गडद निळं फ्लॅनेल ताणून बसवा, चित्रं जाड कार्डावर कापा आणि मागे काचपेपरचा दोन बोटं रुंद तुकडा चिकटवा, खरखरीत बाजू बाहेर. चित्रं गळून पडत असतील तर दोनच कारणं: काचपेपर फार बारीक आहे किंवा फळा उभाच्या उभा धरलाय. जरा मागे कलता ठेवा.

खमिराचा दाखला (मत्तय १३:३३) करायचा तर वेळ सांभाळा. एक वाटी मैदा, अर्धा चमचा ड्राय यीस्ट, अर्धा चमचा साखर, मळण्यापुरतं कोमट पाणी. काचेच्या ग्लासात दाबून भरा आणि पिठाच्या उंचीला रबरबँड लावा. फुगायला ४० मिनिटं ते तास लागतो, म्हणून उपासना सुरू होण्याआधी भिजवा, वर्गात भिजवलंत तर मुलं घरी जाईपर्यंत काहीच होत नाही. बोटाला चटका बसेल असं पाणी घातलं तर यीस्ट मरतं. डिसेंबरात ग्लास गरम पाण्याच्या वाडग्यात ठेवावा लागतो.

पाठांतर: बालगटाला महिन्याला एक, चार-पाच शब्दांचं. 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' इथेच थांबा, पुढच्या 'मला काही उणे पडणार नाही' मधलं 'उणे' त्यांना कळत नाही. दुसरी-तिसरीला दोन आठवड्यांना एक वचन. चौथी-पाचवीला २३ वं स्तोत्र सहा आठवड्यांत, सहाच वचनं आहेत. फळ्यावर वचन लिहा, दर वेळी म्हणून झालं की दोन शब्द पुसा, शेवटी फळा कोरा. कोरसवर विसंबू नका: वीस जणांच्या आवाजात सहा जण फक्त ओठ हलवत असतात. दोघादोघांच्या जोड्या करून एकमेकांना म्हणून दाखवायला लावा. उजळणी पुढच्या रविवारी, मग महिन्याने. अध्याय आणि वचनाचा आकडा तिसरीच्या आत मागू नका, मुलं आकडा लक्षात ठेवतात आणि वचन विसरतात.

आणि भिंतीवर चांदण्यांचा तक्ता नको. ज्याच्या घरी आई बसून पाठ करून घेते त्यालाच चांदण्या मिळतात. बाकीच्यांना आपण देवाच्या घरात नापास आहोत हे दर रविवारी भिंतीवर दिसतं.

---

नगरकडचा:

चांदण्यांचं मान्य, पण स्पर्धेवर सरसकट फुली मारू नका. नऊ ते अकरा हे वय माहिती गोळा करण्याचं आहे. बायबलमधल्या ६६ पुस्तकांचा क्रम, बारा प्रेषित, पौलाचे प्रवास नकाशावर, राजांच्या याद्या: हे याच वयात आवडीने बसतं, चौदाव्या वर्षी कुणी करणार नाही. गुण व्यक्तीला न देता गटाला द्या, आणि गटात कमी बोलणाऱ्याच्या उत्तराला दुप्पट. वाद मिटला.

प्रभूच्या प्रार्थनेबद्दल. आपल्या मराठी बायबलचे शब्दच मुलांना अडवतात, म्हणून ओळीवार जा, दर रविवारी एक ओळ. 'मानले जावो', 'येवो' ही रूपं मुलं बोलत नाहीत. 'सुखी होवो' असं लग्नपत्रिकेत असतं ते दाखवा. 'ऋण' म्हटलं की सातवीच्या मुलाला ऋण संख्या आठवते, तिसरीच्याला काहीच नाही. वाण्याची उधारीची वही करा, पानावर नाव आणि रक्कम लिहा, लाल पेनाने आडवी रेघ मारा. आणि सगळ्यांत मोठी गंमत 'आम्हांला परीक्षेत आणू नकोस'. निम्मी मुलं ही ओळ सहामाही टळावी म्हणूनच मनापासून म्हणत असतात. हसू नका, कारण त्यांचं मराठी बरोबर आहे. 'ज्या ठिकाणी आम्ही चुकीचं वागू अशा ठिकाणी आम्हांला अडकू देऊ नको' असं सांगून उदाहरण त्यांनाच विचारा.

इंग्रजी माध्यमाच्या मुलांना सगळ्यांसमोर वाचायला उभं करू नका. एकदा जोडाक्षरावर हसं झालं की तो मुलगा पुढच्या रविवारी पोटदुखी काढतो. तुम्ही सावकाश वाचा, त्यांनी पुस्तकात बोट फिरवायचं आणि ठरलेला शब्द (समजा 'उंबर') सापडला की हात वर. वाचन सुधारायला सर्वांत सोपा मार्ग 'उपासना संगीत' हे आपलं गीतांचं पुस्तक: चाल पाठ असते, डोळा शब्दावर आपोआप सरकतो. रेव्ह. टिळकांची गीतं त्यात आहेतच, मराठीही कानावर पडते.

अब्राहाम-इसहाक नऊच्या आत नको. मोठा माणूस ती गोष्ट अब्राहामाच्या जागी उभा राहून ऐकतो, लहान मूल इसहाकाच्या. त्याला विश्वास ऐकू येत नाही, सुरी हातात घेतलेला बाप दिसतो. नोहाचं तारू आपण जिराफ-हत्तींमुळे गोड समजतो, पण पाण्यात कोण बुडालं हे सहा वर्षांचं मूल विचारतंच. विचारलं तर टाळू नका, नाही विचारलं तर उकरू नका. क्रूस सगळ्या वयांना सांगायचा, पण बालगटाला खिळे-रक्ताचं वर्णन न करता, आणि पुनरुत्थान त्याच बैठकीत. 'पुढच्या रविवारी सांगते' असं म्हणून मूल आठवडाभर मेलेल्या येशूबरोबर घरी पाठवायचं नाही. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) दुपारी १२ ते ३ ची, येशूच्या क्रूसावरच्या सात उद्गारांची उपासना बारक्यांसाठी नसतेच, त्यांना वेगळा अर्धा तास ठेवा.

---

वसईवाली:

आम्हा कॅथलिकांच्या बायबलात ७३ पुस्तकं हो, ६६ नव्हेत! पण बाकी सगळं आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गालाही लागू आहे. कुणी कॅथलिक पालक वाचत असतील म्हणून आमच्याकडचं थोडं.

आमचे टप्पे संस्कारांभोवती फिरतात. प्रथम कम्युनियन (ख्रिस्तशरीराची भाकरी पहिल्यांदा घेण्याचा संस्कार) पूर्वी बारा-चौदाला होई. १९१० मध्ये पोप दहावे पायस यांनी ते विवेकाच्या वयावर, म्हणजे सातच्या आसपास आणलं. चर्चच्या कायद्यातही सात पूर्ण झाली की विवेक आला असं धरतात. प्रत्यक्ष इयत्ता धर्मग्रामागणिक (पॅरिशगणिक) वेगळी, ती आपल्या फादरांना विचारा. कायदा म्हणतो पुरेशी समज आणि तयारी हवी, सगळी प्रश्नोत्तरं पाठ हवीत असं म्हणत नाही. साध्या भाकरीत आणि या भाकरीत फरक आहे हे मुलाला त्याच्या समजेने कळलं पाहिजे.

नेहमी चुकतं ते कुमसाराच्या, म्हणजे फादरांपुढच्या पापकबुलीच्या तयारीत. मुलांना छापील पापांची यादी दिली जाते, त्यात मोठ्यांची पापं असतात, आणि रांगेत उभं राहिलेलं आठ वर्षांचं मूल काहीतरी सांगायला हवं म्हणून न केलेलं पाप सांगतं. यादी नको. तीन प्रश्न पुरेत: देवाला विसरलो का? कुणाला दुखावलं का? खोटं बोललो किंवा दुसऱ्याचं घेतलं का? फादर घरी सांगणार नाहीत, हे मुलाला आणि विशेषतः आईला स्पष्ट सांगा. बाहेर आल्यावर 'काय सांगितलंस?' विचारणारी आई सगळ्या तयारीवर पाणी ओतते.

समारंभाच्या दोन-तीन आठवडे आधी अभिमंत्रण न केलेला ओस्त (कम्युनियनची पातळ भाकरी) चाखायला द्या. तो बेचव असतो, टाळूला चिकटतो, आणि ऐनवेळी मूल बोटाने काढायला जातं. आधी एक तास उपास, हे फोटोवाल्यांच्या आणि पार्लरच्या गडबडीत विसरलं जातं. गव्हाची अॅलर्जी असेल तर महिनाभर आधी फादरांशी बोला, कमी ग्लूटेनचा ओस्त चालतो, अजिबात ग्लूटेन नसलेला चालत नाही. ड्रेस आणि केक यांचं मी काही बोलत नाही.

बालगटासाठी एक पद्धत तुम्हालाही उपयोगी पडेल. सोफिया कावाल्लेत्ती आणि जान्ना गोब्बी यांनी १९५४ मध्ये रोममध्ये माँटेसरीच्या तत्त्वांवर उत्तम मेंढपाळाचं धर्मशिक्षण सुरू केलं: ३ ते ६, ६ ते ९, ९ ते १२ असे गट. लाकडी मेंढपाळ, मेंढरं, कुंपण. शिक्षिका हळू आवाजात योहान १० मधली गोष्ट सांगते, आकृत्या हलवते आणि विचारते, "ही मेंढरं कोण असतील बरं?" उत्तर देत नाही. मग मूल एकटं ते सामान घेऊन बसतं. सुताराकडून दहा मेंढरं करून घ्या, प्रत्येक दोन इंचांच्या आत नको, तीन वर्षांची मुलं तोंडात घालतात.

---

नववी_ब:

बारा ते पंधराचा गट तुमच्याकडे चारच मुलांचा आहे, म्हणून तो सगळ्यांत आधी निसटेल.

दृढीकरणाचा (कन्फर्मेशनचा, म्हणजे मुलाने स्वतः विश्वास कबूल करण्याच्या विधीचा) वर्ग दहावीत ठेवू नका. क्लास आणि बोर्डाची परीक्षा यात तो बुडतोच. नववीच्या जूनमध्ये सुरू करून नोव्हेंबरपर्यंत १६ बैठका करा: मतांगीकार (विश्वासाचा कबुलीपाठ) ४, दहा आज्ञा ३, प्रभूची प्रार्थना २, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन ३, मंडळी कशी चालते २ (यात पंचायत, दानाचा हिशेब सगळं उघड दाखवा), प्रश्नांना २. सीएनआय १९७० मध्ये सहा मंडळ्या मिळून झाली आणि बाल-बाप्तिस्मा व प्रौढ-बाप्तिस्मा दोन्ही मानते, त्यामुळे वर्गात काहींचा बाप्तिस्मा लहानपणीच झालेला असेल, काहींचं फक्त समर्पण. पहिल्याच बैठकीत यादी करून पाळकसाहेबांना द्या, नाहीतर दृढीकरणासाठी बिशप यायच्या आदल्या दिवशी धावपळ.

प्रश्नांसाठी बुटांचं खोकं, झाकणाला चीर, सगळ्यांना एकसारखे कागद आणि एकाच रंगाचं पेन. कागद कोरा असला तरी प्रत्येकाने टाकायचा, म्हणजे कुणी लिहिलं हे कळत नाही. उत्पत्ती आणि उत्क्रांती, आजीसाठी प्रार्थना केली तरी ती का गेली, दुसऱ्या धर्माच्या मित्राचं काय होणार: हेच येतं. माहीत नसेल तर 'बघून सांगतो' म्हणा आणि पुढच्या रविवारी खरंच सांगा. या वयाला चुकीचं उत्तर चालतं, थाप चालत नाही.

त्यांना बालगटात मदतनीस करा, माइक द्या, शास्त्रपाठ वाचायला द्या. मात्र प्रत्येक कोपऱ्यात दोन मोठी माणसं नसतील तर निदान दार उघडं आणि सगळ्यांच्या नजरेत, हा नियम पहिल्या दिवसापासून. मुलाला एकट्याने स्वच्छतागृहाकडे नेण्याचं काम किशोर मदतनीसाकडे नको.

---

नवीन_शिक्षिका:

सगळ्यांचे खूप आभार. फ्लॅनेलचं सामान आजच आणते. एकच उरलं: गणपतीत शेजारून प्रसाद येतो, मुलं विचारतात खायचा का. दर भाद्रपदात हा प्रश्न. वर्गात काय सांगू?

---

नगरकडचा:

वर्गात निकाल देऊ नका, कारण आपल्या घराघरांत वेगळं आहे. काही घेतात, काही नाही. आधी पालकांना फोन करा. दुसरी-तिसरीची मुलं तुमचं वाक्य जसंच्या तसं सोमवारी शाळेत पोचवतात. 'मूर्तीचं असतं, खायचं नाही' हे तुम्ही म्हणालात तर ते शेजारच्या काकूंच्या तोंडावर म्हटलं जाईल. या वयाला फक्त वागायची रीत द्या: दोन्ही हात जोडून 'थँक्यू काकू, आईला विचारून घेते'. कुणाच्या देवाला नावं ठेवायची नाहीत, हा नियम सगळ्या वयांना.

मोठ्यांना १ करिंथ ८ वा अध्याय आणि १०:२५-२९ (मूर्तीला वाहिलेल्या अन्नाबद्दल) पूर्ण वाचायला द्या. पौल तिथे दोन्ही बाजू मांडतो आणि विवेक कुणाचा, आपला की समोरच्याचा, यावर आणून सोडतो. एका रविवारी होणार नाही, दोन धरा, आणि ते गणपतीच्या आधी, जुलैमध्येच उरका.